वाक्य मागणाऱ्या वाघमारे मॅडम

बैठक संपत आली की शैलजा वाघमारे उठून दाराशी जाऊन उभ्या राहत. दार लावत नसत, हातात कागद-पेनही नसे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने चौकटीपाशी थांबायचे आणि आपण कोणते काम कोणत्या दिवसापर्यंत करणार ते एका वाक्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असे, स्वतःच्या तोंडाने सांगायचे. वाक्य पटले तर त्या अर्धे पाऊल बाजूला होत. पटले नाही तर म्हणत, "ही इच्छा झाली. वाक्य सांगा."

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात या प्रकाराला 'शपथविधी' असे नाव पडले होते. "चला राव, शपथ घेऊन येतो, मग चहा," असे म्हणत माणसे रांगेत उभी राहत. नव्याने आलेला एखादा इंजिनिअर आधी गोंधळे, मग हसे आणि दाराशी पोचल्यावर त्याचे हसू थांबे. मॅडम हसत नसत असे नाही. हसत, पण जागच्या हलत नसत.

कारखान्यात दुचाकींसाठी पत्र्याचे सुटे भाग बनत. पत्रा मोठ्या प्रेसखाली जाई, साचा वरून बसे, भाग तयार होई. कोणत्या प्रेसवर कोणता भाग कधी चालवायचा हे शैलजा वाघमारे ठरवत. नियोजन विभाग त्यांच्याकडे होता. मी मनुष्यबळ विभागात होतो. त्याआधी पिंपरीत एका दैनिकासाठी उद्योग आणि कामगार यांच्या बातम्या देत असे. ती आवृत्ती बंद झाल्यावर इकडे आलो आणि लिहिता येते म्हणून रोजच्या बैठकीची टिपणे घेण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे पुढचे बहुतेक सगळे माझ्या समोर घडलेले आहे.

त्या रुजू झाल्या तेव्हा बैठकीत ट्रॉल्यांचा विषय चालू होता. तो नेहमीच चालू असे. तयार भाग वाहून नेणाऱ्या ट्रॉल्यांची चाके झिजली होती, ट्रॉली उडे आणि भागांवर ओरखडे येत. तपासणीवाले गोदामाला बोल लावत, गोदामवाले खरेदी विभागाला. त्या दिवशीही सगळ्यांचे बोलून झाले आणि खुर्च्या सरकू लागल्या. नव्या बाई उठून दाराशी गेल्या.

"ट्रॉल्यांचं दुखणं समजलं. चाकं आणायला कोण जाणार?"

"आपण मागवून घेऊ या ना, मॅडम," खरेदी विभागाचा माणूस म्हणाला.

"हा 'आपण' कुठल्या शिफ्टला येतो? हजेरीत मला त्याचं नाव सापडलं नाही."

हशा पिकला. त्या माणसाचे कान लाल झाले. हशा ओसरल्यावरही बाई तिथेच होत्या. शेवटी तो म्हणाला, "मी जातो भोसरीला. बुधवारी." बुधवारी चाके आली. विषय संपला आणि तो संपला हे लोकांच्या ध्यानात यायला वेळ लागला; पुढच्या एका बैठकीत कुणीतरी सवयीने "ते ट्रॉल्यांचं..." म्हणून सुरुवात केली आणि गप्प बसला.

ही सवय त्या कारखान्यात शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील पिंपरीत कंपनी कामगार होते आणि वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीवर होते. समितीच्या बैठका त्यांच्याच घराच्या ओट्यावर होत. विहाराच्या आवारातला नळ गळत असे आणि त्यावर तळमळीने भाषणे होत. शैलजा चहा देत असे आणि कपबशा विसळायला त्याच गळत्या नळावर जात असे. कॉलेजात गेल्यावर एका जयंतीच्या बैठकीत तिने विचारले, "मंडपवाल्याकडं कोण जाणार?" मोठी माणसे म्हणाली, पोरी, ठरलंय सगळं. "ठरलंय हो, पण ठरून कुठं बसलंय?" ती म्हणाली. वडील रागावले. दुसऱ्या दिवशी मात्र मंडपवाल्याकडे तेच गेले. हा प्रसंग त्या अनेकदा सांगत आणि शेवटी म्हणत, "बाबांना बोलायला आवडायचं. मलाही आवडतं. पण बोलणं हवेत ठेवून घरी गेलं की मला झोप येत नाही."

त्या आकुर्डीहून कंपनीच्या बसने येत. कंपनीचा राखाडी शर्ट, पायात सुरक्षेचे जड बूट, केस घट्ट बांधलेले. आवाज बारीक होता; प्रेस शॉपमध्ये त्यांचे बोलणे ऐकू येत नसे, म्हणून त्या माणसाला खुणेने बाहेर बोलावत आणि तो येईपर्यंत थांबत. कुणाच्या चुकीवर ओरडल्याचे मी पाहिले नाही. वाक्य पाळले गेले नाही तर विचारत, "काय आडवं आलं?" आणि मग ते आडवे आलेले दूर करण्याचे वाक्य दुसऱ्या कुणाकडून तरी घेत. कारखान्यात कामे होऊ लागली. बैठका आटोपशीर झाल्या.

मात्र दुसरेही काहीतरी होत होते. माणसे हळूहळू छोटी वाक्ये बोलू लागली. दाराशी अडकायचे नाही, तर जे नक्की जमेल तेवढेच बैठकीत काढायचे, हे सगळ्यांना समजले. अवघड विषय चहाच्या टपरीवर निघत आणि तिथेच राहत. शिवाय वाक्याला अट जोडलेली मॅडमना चालत नसे. "माल आला तर करतो, माणूस मिळाला तर करतो, असं म्हटलं की तुम्ही आत्ताच पळायची वाट करून ठेवली," त्या म्हणत. लोक अटी मनात ठेवू लागले. आणि कारखान्याचे प्रमुख पाटणकर यांनी कधीच वाक्य सांगितले नव्हते. बैठक संपायच्या आधीच त्यांचा फोन वाजे, ते बोलत बोलत उठत आणि दाराशी पोचत तेव्हा मॅडम बाजूला होऊन वाट देत.

देखभाल विभागाचे सुपरवायझर दत्तू शिंगोटे यांचे आणि मॅडमचे विशेष जमे. शिंगोटे खेड तालुक्यातले, राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून मोटारसायकलवर येणारे. बिघडलेले यंत्र हा त्यांचा विषय असल्यामुळे रोज सगळ्यात जास्त वाक्ये त्यांनाच द्यावी लागत.

"मॅडम, आमची बायको बी एवढं इचारत न्हाई."

"म्हणून तर तुमच्या परसातली मोटर वर्षभर बंद आहे. मला सगळं कळतं, शिंगोटे."

"कुनी सांगितलं?"

"वहिनींनी. मागच्या स्नेहसंमेलनात. चला, वाक्य."

सात नंबरच्या प्रेसचा विषय निघाला तो शिंगोट्यांनीच काढला म्हणून. प्रत्येक प्रेसच्या तोंडाशी प्रकाशकिरणांचा एक पडदा असतो. कारखान्यात त्याला 'कर्टन' म्हणत. हात त्यातून आत गेला की प्रेस जागीच थांबते. सात नंबरची केबल जुनी झाली होती आणि तेलाच्या धुराने काचा मळत. त्यामुळे कोणाचा हात नसतानाही प्रेस सारखी थांबे. उत्पादन अडू नये म्हणून कुणीतरी तारेचा तुकडा जोडून कर्टन निकामी करून ठेवला होता. कुणी, ते कधीच निश्चित झाले नाही. तीनही शिफ्टला ते माहीत होते.

"सात नंबर डोळे झाकून चाललीया," शिंगोटे बैठकीत म्हणाले. "केबल बदलायची तर मशीन पुरी एक शिफ्ट थांबवाया लागंल."

पाटणकर फोनकडे पाहत म्हणाले, "या आठवड्यात गाडी भरायची आहे. बघू या. पण काम व्हायला पाहिजे, मला सबब नको." मग त्यांचा फोन वाजला आणि ते गेले.

दाराशी शिंगोटे रेंगाळले. शेवटी म्हणाले, "मी गुरवारपर्यंत सात नंबरचा कर्टन करतो. मशीन मिळालं तर."

"तर नको, शिंगोटे."

"अवो मॅडम, मशीन माझ्या हातात हाय का?"

"ते आपण बघू. तुमचं वाक्य नीट द्या."

मागे रांग होती. कुणीतरी म्हणाले, "दत्तूभाऊ, घ्या की शपथ, चहा थंड झाला." शिंगोट्यांनी मान हलवली आणि ते म्हणाले, "मी गुरवारपर्यंत सात नंबरचा कर्टन करतो." मॅडम बाजूला झाल्या. त्या दिवशी 'ते आपण बघू' हे शब्द त्यांच्याच तोंडून आले होते. रांगेतल्या कुणाच्याही ते लक्षात आले नाही, त्यांच्याही नाही.

शिंगोट्यांनी रोज मशीन मागितले. रोज त्यांना उद्या असे सांगण्यात आले. शुक्रवारी सकाळच्या शिफ्टला सात नंबरवर रामेश्वर गिते होता. परभणी जिल्ह्यातला, आयटीआय झालेला, कंत्राटी कामगार, कुरुळीला चार जणांत खोली घेऊन राहणारा. साच्यात एक भाग अडकला. तो काढायला त्याने उजवा हात आत घातला. पाय पेडलवर होता. प्रेस थांबली नाही.

त्याची दोन बोटे गेली आणि तिसरे वाचवता आले नाही. रुग्णालयात त्याच्यासोबत शिंगोटे गेले. ते परत आले तेव्हा त्यांच्या शर्टावर डाग होते आणि त्यांनी तो बदलला नव्हता.

चौकशीची बैठक सोमवारी झाली. या वेळी पाटणकर फोन बंद करून बसले होते. मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आले होते. माहिती देऊन झाल्यावर पाटणकरांनी शांतपणे विचारले, "सात नंबरचं वाक्य कुणाचं होतं?"

शिंगोटे उभे राहिले. "माझं."

"काय होतं?"

"गुरवारपर्यंत कर्टन करतो."

"अट काही?"

शिंगोट्यांनी मॅडमकडे पाहिले नाही. "न्हाई," ते म्हणाले.

पद्धत स्वच्छ होती. काम एक, नाव एक, दिवस एक. मुख्य कार्यालयातल्या अधिकाऱ्याने शिंगोट्यांचे नाव लिहून घेतले. शिंगोट्यांना निलंबित करून पोलिसांकडे जबाबदार म्हणून त्यांचेच नाव द्यायचे, हे एवढ्या वेळात जवळजवळ ठरले होते.

शैलजा वाघमारे जागेवरून उठल्या. त्या दिवशी त्या दाराशी गेल्या नाहीत. बसल्या जागी टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"अट होती," त्या म्हणाल्या. "मशीन मिळालं तर. ती मी काढायला लावली. त्यांनी विचारलं होतं, मशीन माझ्या हातात आहे का. मी म्हटलं, आपण बघू."

"मॅडम, राहू द्या," शिंगोटे पुटपुटले.

"बसा हो तुम्ही. मशीन देणं हे वेगळं काम होतं. त्याचं वाक्य कुणाकडून तरी घ्यायला हवं होतं आणि ते साहेबांचं होतं. मी साहेबांकडं कधीच मागितलं नाही. शिंगोट्यांना अडवणं सोपं होतं."

पाटणकर म्हणाले, "हा भावनेचा विषय नाही, मॅडम."

"नाही. मशीन कुणी दिलं नाही एवढाच विषय आहे. दुसऱ्या कुणाचं नाव लिहायचं असेल तर माझं आधी लिहा. आणि आज सात नंबर चालू आहे. बैठकीला येताना मी पाहिली. तिच्यावर दुसरा मुलगा उभा आहे. ती बंद कोण करतंय?"

हे कोणालाच अपेक्षित नव्हते. मुख्य कार्यालयातल्या अधिकाऱ्याने पाटणकरांकडे पाहिले. पाटणकर म्हणाले, "बंद करायला सांगतो."

"कुणाला?"

पाटणकर उठले आणि स्वतः खाली गेले. काही वेळाने जमिनीतून येणारा एक हादरा थांबला. बाकीच्या प्रेस चालूच होत्या, पण एक कमी झाल्याचे आम्हा सगळ्यांना कळले.

शिंगोटे वाचले, असे म्हणता येईल. त्यांना ताकीद मिळाली आणि त्यांची शिफ्ट बदलली. शैलजा वाघमारे यांनी कारखाना निरीक्षकांकडे जबाब दिला तेव्हा वर सांगितले तेच शब्द दिले, न वाढवता. त्यानंतर त्यांना गोदामाच्या कामावर पाठवण्यात आले आणि बैठकीला बोलावणे बंद झाले. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. दाराशी उभे राहण्याची प्रथा त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी चालू ठेवली नाही. कंपनीने वाक्ये लिहिण्यासाठी मोबाइलवर एक सोय केली. त्यात नावाचा आणि तारखेचा रकाना आहे.

त्या नोकरीत असतानाच दर रविवारी कुरुळीला रामेश्वरच्या खोलीवर जात. विम्याच्या कामासाठी माझीही तिथे एक-दोनदा फेरी झाली. खोलीत त्या फारसे बोलत नसत. रामेश्वरने गावी काहीच कळवले नव्हते. वडील नाहीत, आई आणि लहान बहीण. आईचा फोन रोज संध्याकाळी येई आणि तो डाव्या हाताने उचलून "जेवलो, व्हय, ड्यूटी चालूय" एवढे सांगून ठेवून देई. चेहरा दाखव म्हणाली तर नेटवर्क नाही म्हणे. त्याच्यासाठी मुलगी पाहून ठेवली होती.

एकदा त्याने माझ्यासमोर विचारले, "मॅडम, तुम्ही सगळ्यांना काय करायचं ते सांगता. आईला कसं सांगायचं ते सांगा. तारीख द्या मला एखादी."

मला वाटले त्या देतील. त्यांनी त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिले.

"मला माहीत नाही, रामेश्वर," त्या म्हणाल्या. "तुला जमेल तेव्हा सांग. नाही जमलं तर नको सांगू आत्ता. जाशील तेव्हा एकटा जाऊ नको. मी येते."

त्या इतक्या सैल बोलल्याचे मी प्रथमच ऐकत होतो. परतताना रस्त्यावर मी त्यांना तसे म्हटले. त्या म्हणाल्या, "कामं आणि माणसं एकाच मापानं मोजत होते मी. ट्रॉलीच्या चाकांना चाललं ते." मग बस आली.

दिवाळी होऊन गेल्यावर दोघे परभणीला गेले. तिथे काय झाले ते रामेश्वरने मला नंतर सांगितले. तो आता चाकणमध्येच एका दुकानाच्या गोदामात आहे.

आई अंगणात होती. तिने आधी मुलाचा चेहरा पाहिला, मग हात पाहिला. रडली नाही. हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उलटा-सुलटा करून पाहिला, जणू गेलेली बोटे कुठे लपली असतील. मग मागे उभ्या असलेल्या बाईंकडे वळली.

"तुमी कोन?"

"ज्या बैठकीत त्या मशीनचं ठरलं, त्या बैठकीत मी होते," शैलजा वाघमारे म्हणाल्या.

"मग काय ठरलं व्हतं?"

त्यांनी सांगितले. मशीन थांबवायचे होते. ते थांबवायला कुणाला सांगितले नाही. ते सांगायला लावणे त्यांचे काम होते आणि त्यांनी ते केले नाही. अंगणात उभ्या राहूनच त्यांनी सगळे सांगितले, रामेश्वर म्हणाला, बैठकीत बोलत तशा बारीक आवाजात.

आई ऐकत राहिली. शेवटी तिने एवढेच विचारले, "आता ते मशीन बंद हाय का?"

"बंद ठेवलं होतं. आता हात आत गेला की थांबतं," त्या म्हणाल्या. "त्याची केबल बदलली. मी जाऊन पाहिलं."

"पाह्यलं ना?"

"पाहिलं. हात घालून पाहिला."

आई मुलाचा हात सोडून आत गेली. तोवर शैलजाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी बाजूला व्हावे असे तिने खुणेने सांगितले आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तो तिने आधी त्यांच्याच हातात दिला. बसा म्हणाली नाही.